हंगामी कामगार आणि रुईची धूळ : वर्धा जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यातील कामगारांच्या जीवितास असलेल्या धोक्यांचा विषय निघाला म्हणजे अलीकडच्या काळातील तीन घटना प्रथम डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ३१ मे २०१६ रोजी पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारास लागलेल्या आगीत, ती विझविण्यास गेलेले जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असता स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यांत आसपासच्या गावांतील मजूर होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूगाव येथील पोलादाच्या कारखान्यात तीसहून अधिक कामगार भाजले. अशा घटनांची वृत्तपत्रे दखल घेतात, चौकशी समित्या नेमल्या जातात, नुकसानभरपाई जाहीर होते. या सर्व गोष्टी योग्यच होत. परंतु ज्या उद्योगाने या जिल्ह्यास गेली दीडशे वर्षे ओळख दिली, त्या कापसाच्या उद्योगातील हानी अशा रीतीने एका दिवसात प्रकट होत नाही. ती दर हंगामात थोडी थोडी साचते, आणि हंगाम संपला की कामगाराबरोबर त्याच्या गावी निघून जाते. प्रस्तुत लेखात जिनिंग व प्रेसिंगच्या कारखान्यांतील या दुसऱ्या प्रकारच्या हानीचे स्वरूप आणि तिच्यापासून कामगारास संरक्षण देण्याच्या उपायांचा विचार केला आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वणा नदीकाठच्या हिंगणघाटच्या बाजारपेठेस एकाएकी महत्त्व आले. हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्याच नावाने ओळखला जात असे. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि पुढील दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाणारा फाटा तयार झाला. लोहमार्गाच्या पाठोपाठ वाफेची यंत्रे आली. त्यापूर्वी सरकी काढण्याचे काम घरोघर बायका रेच्यावर करीत. दोन लहान रुळांमधून कापूस ओढावयाचा आणि सरकी अलीकडे राहू द्यावयाची, एवढीच ती कृती. यंत्राने तत्त्व फारसे बदलले नाही. बदलली ती जागा, गती आणि हवा. ओसरीवर बसून होणारे काम पत्र्याच्या दालनात गेले, एका रेच्याच्या जागी ओळीने अनेक जिन उभे राहिले, आणि पूर्वी वाऱ्यावर उडून जाणारी धूळ चार भिंतींत कोंडली गेली. कामगार मात्र बहुतांशी त्याच बायका राहिल्या. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सिंदी या गावांतून जिनिंगचे आवार हे गावाच्या रचनेचेच एक अंग होऊन बसले. आजही दिवाळीनंतर या गावांच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते.

रेचा व पिंजण यांच्याविषयी वर्ध्यात बोलताना थोडे सावध असावे लागते. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना येथे झाली आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र ठरले. त्यामुळे हातकाम निर्दोष आणि यंत्रकाम सदोष, असा एक समज या भूमीत सहज रुजतो. धुळीच्या बाबतीत तो पूर्णतः खरा नाही. बंद खोलीत दिवसभर पिंजण चालविणाऱ्या पिंजाऱ्याची छातीही भरून येतेच. धोका ठरतो तो हात की यंत्र यावरून नव्हे, तर श्वासाच्या टापूत किती बारीक धूळ, किती तास तरंगत राहते यावरून.

विदर्भात प्रचलित असलेला जिन हा दुहेरी रुळांचा आहे. चामड्याच्या चकत्या एकमेकींना घट्ट दाबून तयार केलेले दोन खरखरीत रूळ फिरत असतात. प्रत्येक रुळास एक स्थिर पाते घासून बसविलेले असते, आणि दुसरे हलते पाते त्यापुढे वेगाने खालीवर होत असते. रुळाच्या खरखरीत पृष्ठास तंतू चिकटून स्थिर पात्याखालून ओढला जातो. सरकी पात्यापाशी अडते. हलते पाते तिला ठोकून तंतूपासून वेगळी करते. या तिन्ही क्रियांत कापसाबरोबर आलेला पालापाचोळा चुरडला जातो. आपल्याकडे कापूस हाताने वेचला जातो, म्हणून तो यंत्राने वेचलेल्या कापसापेक्षा स्वच्छ असावयास हवा. प्रत्यक्षात बोंडाभोवतीची वाळून ठिसूळ झालेली पाने, किडलेल्या बोंडातील कवडी, शेतातील माती आणि खळ्यावरील केरकचरा, हे सर्व त्यात असते. हंगामाच्या आरंभीचा कापूस त्यातल्या त्यात पांढराशुभ्र. शेवटच्या वेच्यांचा आणि फरदडीचा कापूस अधिक मळका. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव ज्या वर्षी मोठा, त्या वर्षी कवडीही जास्त. शेतातील कीड आणि जिनातील कामगाराचे फुप्फुस यांचा संबंध सहसा लक्षात येत नाही. परंतु तो या कवडीच्या वाटेने पोचतो.

या धुळीने होणाऱ्या विकारास वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. अठराव्या शतकाच्या आरंभीच इटालियन वैद्य रामाझिनी याने ताग व जवसाचे धागे विंचरणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन करून ठेवले होते. लँकशायरच्या गिरण्यांतील पिंजण-खात्यांचा कसून अभ्यास झाला तो मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास. शिलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा या विकाराच्या पायऱ्या ठरविल्या. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी काही तासांनी छाती आवळल्यासारखी वाटते, आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते. ही पहिली पायरी. त्यातही हा त्रास अधूनमधूनच होत असेल तर अर्धी. आठवड्यातील इतर दिवशीही तो टिकू लागला म्हणजे दुसरी. आणि काम सोडल्यावरही श्वसनशक्ती भरून येत नाही, दम लागणे कायमचे होते, ती तिसरी. पहिल्या पायरीवर कामगारास धुळीपासून दूर केले तर प्रकृती पूर्ववत होऊ शकते. तिसरीवर वैद्याच्या हाती फारसे काही उरत नाही. संरक्षणाचा सगळा प्रश्न या दोन पायऱ्यांमधील काळाचा आहे.

पुढे १९७० नंतरच्या संशोधनाने कारणाचा उलगडा बराचसा केला. दोष कापसाच्या शुद्ध तंतूत नसून त्याबरोबर येणाऱ्या वनस्पतिजन्य चुऱ्यात, आणि विशेषतः त्या चुऱ्यावर वाढणाऱ्या ग्रॅम-ऋण जंतूंच्या आवरणातील विषद्रव्यात आहे, असे आढळून आले. डोळ्यांना दिसणारी, केसांवर व भुवयांवर बसणारी पांढरी तूस त्यामानाने निरुपद्रवी. न दिसणारा बारीक कण घातक. कामगारांचा आणि कित्येकदा मालकांचाही समज याच्या नेमका उलट असतो. तोंडाला पदर किंवा दुपट्टा बांधला की धूळ अडली, असे मानले जाते. पदराने तूस अडते, बारीक कण अडत नाहीत. पदर बांधू नये असा याचा अर्थ नव्हे. पण पदर बांधला म्हणून मालकाची जबाबदारी संपली, असे मात्र कोणी समजू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. बिसिनोसिस हा सूतगिरणीतील पिंजण-खात्याचा रोग आहे. जिनिंगमध्ये धूळ जाड असते, काम चार-सहा महिन्यांचे असते, तेव्हा त्याची धास्ती कशाला? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये सूतनिर्मितीसाठी हवेच्या दर घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम ही धुळीची मर्यादा कायद्याने ठरली, पण जिनिंगचा धंदा त्या मर्यादेबाहेरच राहिला. तथापि अमेरिकेतील जिनिंग आणि आपले जिनिंग यांत मोठे अंतर आहे. तेथे थोडी माणसे बरीचशी बंदिस्त यंत्रणा चालवितात. आपल्याकडे माणूस कापसाच्या ढिगात उभा राहून काम करतो. आपल्या परिस्थितीशी अधिक जवळची उदाहरणे इजिप्त व सुदान या देशांतील होत. १९६० नंतरच्या दशकात तेथील जिनिंग व प्रेसिंगच्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा हंगामी कामगारांतही हा विकार लक्षणीय प्रमाणात आढळून आला. काम हंगामी आहे एवढ्यावरून फुप्फुस सुरक्षित ठरत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

जिनिंगमध्ये रोगाचे चित्र मात्र वेगळे दिसणार, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे. शिलिंगची पद्धत आठवड्याच्या सुट्टीवर आधारलेली आहे. जेथे हंगामाच्या गर्दीत आठवड्याची सुट्टी नियमाने मिळतच नाही, तेथे 'सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरते का' या प्रश्नास काय उत्तर मिळणार? अशा ठिकाणी सोमवारचे स्थान हंगामाच्या पहिल्या आठवड्याने घेतले असण्याचा संभव आहे. कामगारांत नव्या हंगामाच्या आरंभी येणाऱ्या तापाची व कणकणीची चर्चा असते. जुने लोक त्यास 'रुईचा ताप' समजून दोन दिवसांत तो जाईल असे नव्या माणसास सांगतात. तो जातोही. पण प्रश्नावली जर इंग्लंडच्या गिरणीवरून जशीच्या तशी उचलली, तर असा कामगार निरोगी म्हणून नोंदला जाईल.

दुसरी अडचण नमुन्याची. ज्यांना धुळीने खरोखर त्रास झाला, ते पुढल्या हंगामास परत येत नाहीत. जानेवारीत कारखान्यात जाऊन जे हजर आहेत त्यांचीच तपासणी केली, तर टिकून राहिलेल्यांचीच तपासणी होते. जे गळाले ते खेड्यात दम्याचे औषध घेत असतात, किंवा क्षयाच्या संशयाने थुंकी तपासून घेत असतात. मध्य प्रदेश वा छत्तीसगडमधून मुकादमाबरोबर आलेले मजूर तर जिल्ह्याच्या नोंदीतही राहत नाहीत. म्हणून एकवेळच्या पाहणीपेक्षा त्याच माणसांची हंगामापूर्वी, हंगामाच्या मध्यास व हंगाम संपल्यावर अशी तीनदा श्वसनमापन-चाचणी घेणे अधिक उपयोगी ठरेल. जोराने सोडलेल्या उच्छ्वासाच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे माप पाळीच्या आरंभी व शेवटी घेतले, तर एका दिवसातील घटही कळते. त्यास लागणारे उपकरण हातात मावणारे आहे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरे आहे. असा अभ्यास साधनांच्या अभावी अडावा, अशी या जिल्ह्याची स्थिती नाही.

धुळीकडून आता यंत्राकडे वळावयाचे. येथे कायद्याचे लक्ष फार पूर्वी गेले, आणि त्याचे कारण उघड आहे. तुटलेले बोट दिसते. जुन्या जिनिंगमध्ये जिनांच्या ओळीखाली, जमिनीच्या पातळीच्या खाली, एक लांब फिरता दांडा असे व त्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक जिनास गती दिली जाई. सरकी खाली पडे ती त्याच बोळात. ती गोळा करण्यास आत शिरलेल्या बाईचा पदर किंवा पोराचे धोतर त्या दांड्यात गुंडाळले गेले, की पुढचे सांगावयास नको. कापूस जिनिंगसाठी केलेल्या कारखाना-नियमांत म्हणूनच हा दांडा सलग भिंतीने अथवा चढून जाता येणार नाही अशा कुंपणाने पूर्ण बंदिस्त करावा, सरकी काढण्यास व तेल घालण्यास लागतील तेवढीच दारे ठेवावीत, आणि ती दारे बंद करून कुलूप लावून ठेवावीत, असे बारकाईने लिहिलेले आढळते. नियमातील ते कुलूप वाचले म्हणजे त्यामागील इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. आता बहुतेक जिन स्वतंत्र विद्युत-मोटरीवर चालतात, त्यामुळे तो बोळ नाहीसा होत चालला आहे. पट्टा आणि पुली मात्र अजून आहेत, आणि त्यांवरील जाळ्या दुरुस्तीसाठी काढून पुन्हा न बसविण्याची सवयही आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २७ व्या कलमात कापूस फोडणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ओपनरचा, विशेष उल्लेख होता. गाठी बांधण्याच्या कारखान्यात जेथे ओपनर चालू असेल तेथे स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवू नये. मात्र कापूस घालण्याची बाजू आणि तो बाहेर पडण्याची बाजू यांच्यामध्ये छतापर्यंत, अथवा निरीक्षक ठरवील तितक्या उंचीचा, आडपडदा असेल तर कापूस घालण्याच्या बाजूस त्यांना काम देता येई. या कलमाची मनोवृत्ती विचार करण्याजोगी आहे. यंत्र धोक्याचे आहे, म्हणून यंत्रास आवर न घालता दुबळ्या मानलेल्या माणसास दूर ठेवावयाचे, हा त्याचा मार्ग होता. पुरुषाची बोटे लोखंडाची असतात, असे समजण्यास आधार नव्हता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०, ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला. या संहितेने सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना प्रवेशाचा हक्क दिला आहे, त्यांच्या संमतीने व अटींवर रात्रीच्या कामासही परवानगी दिली आहे. तत्त्व म्हणून हे स्वागतार्ह आहे. पण जुन्या कलमाने निदान एक आडपडदा बांधावयास लावला होता. स्त्रीला ओपनरपाशी जाण्याचा हक्क मिळत असता तो आडपडदा व यंत्रावरील झाकण स्त्रीपुरुष दोघांसाठी सक्तीचे व्हावयास हवे, आणि ते नियमांच्या तपशिलात येते की नाही, याकडे लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

दाबयंत्राच्या घरात धोक्याचे स्वरूप आणखी निराळे. पूर्वी रुई पेटीत टाकल्यावर माणसे आत उतरून ती पायांनी तुडवीत, आणि मग वरून दाब येई. ते तुडविणे आज बहुतेक ठिकाणी यंत्र करते. १७० किलो वजनाची गाठ बांधताना ताणलेली पट्टी निसटून चेहऱ्यावर बसणे, गाठ घसरून पायावर येणे, हे अपघात मात्र राहिले आहेत. आगीविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही इतके ते सर्वश्रुत आहे. कापसातून आलेला एखादा खडा किंवा खिळा पात्यावर आपटून ठिणगी उडते, आणि तुसेच्या थरावरून ज्वाळा माणूस धावेल त्याहून लवकर धावते. बाहेर उघडणारी व कुलूप नसलेली दारे, तुळयांवरची तूस रोज झाडणे, आणि कापसाच्या गंजींमध्ये अंतर ठेवणे, या साध्या गोष्टींनी यातील पुष्कळसे टळू शकते.

चामड्याच्या रुळांसंबंधी थोडे सांगणे इष्ट आहे, कारण हा धोका आपल्या देशातील जिनिंगचा विशेष होय. रुळाच्या चकत्या क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या असतात. पात्याशी घासून त्या झिजतात, त्यांची धार गेली की पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, आणि या दोन्ही वेळी क्रोमियमयुक्त भुकटी हवेत व रुईत मिसळते. क्रोमियमची काही संयुगे त्वचेवर व्रण करतात व फुप्फुसास विषारी ठरतात. नागपूर येथील संशोधकांनी या रुळांना पर्याय म्हणून रबर व कापडाच्या थरांचे रूळ तयार करण्याचे प्रयोग केले. विदर्भाच्या प्रश्नावर विदर्भातच शोधलेला हा उपाय आहे. तो किती कारखान्यांत पोचला, व न पोचण्यास किंमत कारण झाली की सवय, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास उत्तम विषय ठरेल. आवाजाचेही तसेच. जिन चालू असलेल्या दालनात हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागते. जेथे असे करावे लागते तेथे श्रवणशक्तीस धोका आहे, असा या शास्त्रातील साधा ठोकताळा आहे. कानांच्या संरक्षणाची साधने बाजारात स्वस्त मिळतात, पण जिनिंगमध्ये ती क्वचितच दृष्टीस पडतात.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. 'हंगामी' या एका शब्दाने जिनिंगच्या कामगारास कायद्याच्या बाहेर किती वेळा काढले, हे पाहण्यासारखे आहे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात शंभराहून कमी माणसांचे, तसेच वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळलेले होते. हंगामी कारखान्यांस कायद्याच्या कक्षेत आणले ते १९०८ च्या कमिशनच्या चौकशीनंतर झालेल्या १९११ च्या कायद्याने. पण त्याच कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीस जी बंदी घातली, तीतून जिनिंगला सूट दिली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांचा केला आणि हंगामींचा ६० तासांचा ठेवला. हा भेद नाहीसा झाला १९४८ मध्ये. परंतु त्याच वर्षी कर्मचारी राज्य विमा कायदा मंजूर झाला, आणि त्याच्या आरंभीच 'हंगामी कारखान्यांखेरीज' हे शब्द आले. हंगामी कारखान्याच्या व्याख्येत पहिलेच नाव कापूस जिनिंगचे आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, हिनेही हा अपवाद कायम ठेवला आहे. म्हणजे सूतगिरणीच्या कामगारास बिसिनोसिस झाला तर त्याला विमा रुग्णालय, आजारपणाचा भत्ता व अपंगत्वाचा लाभ यांचा मार्ग खुला. आणि ज्याने त्याच कापसातील सर्वांत मळका भाग आधी हाताळला, त्याला तो बंद.

त्याच्यासाठी उरतो तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा वारसा, जो आता त्याच संहितेत समाविष्ट झाला आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत बिसिनोसिसचे नाव व्यावसायिक रोग म्हणून आहे, हे खरे. पण अनुसूचीची रचना पाहावी. अंगठा गेला तर कमाईच्या शक्तीची हानी ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, तर्जनी संपूर्ण गेली तर १४ टक्के, असे आकडे तिथे छापलेले आहेत. कापलेली तर्जनी घेऊन आलेल्या माणसाला फक्त ती कोठे कापली एवढे सिद्ध करावे लागते. छातीची हानी घेऊन आलेल्यास मात्र रोग कोणता, तो या धंद्यातूनच झाला का, आणि तो धंदा त्याने ठरावीक काळ सलग केला का, हे सर्व सिद्ध करावे लागते. या रोगांसाठी एकाहून अधिक मालकांकडील नोकरी धरली जाते, ही सवलत कायद्यात आहे. पण दर वर्षी मेपर्यंत जिनिंगमध्ये आणि पुढे सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या बाईचा सलग काळ कोणत्या हजेरीपटावर सापडणार? तिचे नाव पुष्कळदा कारखान्याच्या नव्हे, मुकादमाच्या वहीत असते.

डॉक्टरांवरही कायद्याने एक कर्तव्य सोपविले आहे, ज्याची जाणीव वैद्यकीय व्यवसायात फारशी दिसत नाही. अनुसूचित व्यावसायिक रोगाचा संशय असलेला कामगार तपासणीस आल्यास डॉक्टराने मुख्य निरीक्षकास लेखी कळवावयाचे असते. १९४८ च्या कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे. दम लागणाऱ्या रुग्णास 'धूम्रपान करता का' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. 'जिनात काम करता का, किती हंगाम केलेत' हा प्रश्न हिंगणघाट किंवा आर्वीच्या दवाखान्यात तितक्याच नेमाने विचारला गेला, तर पुष्कळ गोष्टी उजेडात येतील.

उपायांची दिशा तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. केंद्र सरकारने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, आणि त्याच्या चौथ्या विभागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणास अर्थसाहाय्य दिले. त्यातून स्वयंचलित भरणयंत्रे, पूर्व-सफाईची यंत्रे, हवेच्या झोताने कापूस वाहून नेणाऱ्या नळ्या आल्या. उद्देश रुईची प्रत सुधारण्याचा होता, कामगारांच्या आरोग्याचा नव्हे. तरी जिनाशी हाताने कापूस लावणारी बाई तेथून हलली, हा लाभ झालाच. मात्र धूळ नाहीशी झाली असे नाही. झोताने वाहिलेली धूळ शेवटी कोठे तरी बाहेर पडते. तेथे नीट बसविलेली, वेळच्या वेळी रिकामी होणारी धूळ-कोठी नसेल, तर दालनातील धूळ आवारात येते. आणि आवारात कापूस उतरविणाऱ्या, कवडी निवडणाऱ्या, गंजी लावणाऱ्या बाया असतात. काम बदलले, श्वासाची हवा तितकी बदलली नाही.

ओलाव्याचा मुद्दा बारकाईने हाताळावा लागतो. फार कोरडा कापूस अधिक चुरा करतो व तंतूही तोडतो. म्हणून जिनिंगच्या वेळी हवेत नियंत्रित दमटपणा ठेवल्यास रुई आणि माणूस दोघांचेही हित होते. वजन वाढविण्यासाठी कापसावर पाणी शिंपडणे ही बाजारातील जुनी लबाडी, आणि मोजून दिलेला दमटपणा हा जिनातील उपचार, या दोहोंतील सीमा काटेकोरपणे पाळली पाहिजे. कारण गंजीत मुरलेल्या ओलाव्याने कापूस तापतो, त्यावर जंतू वाढतात, आणि धुळीतील ज्या विषद्रव्यामुळे छाती भरते त्याचेच प्रमाण वाढते. पाणी कापूस साठविताना नव्हे, जिनिंगच्या क्षणी हवे.

नव्या संहितेने ठरावीक वयोगटातील व वर्गांतील कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाच्या खर्चाने करण्याची तरतूद केली आहे. दुसऱ्या बाजूस, कारखाना म्हणून गणना होण्यासाठी विजेवर चालणाऱ्या आस्थापनेत पूर्वी दहा कामगार पुरत, ते आता वीस लागतात. दहा कामगारांच्या आस्थापनेस सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत; पण कारखान्यांसाठी असलेल्या विशेष तरतुदी नाहीत. स्वयंचलित यंत्रांमुळे जिनिंगमधील माणसे कमी होत असताना, आणि उरलेली मुकादमाच्या नावावर असताना, विसाचा हा आकडा केवळ कागदावरचा राहत नाही. वार्षिक तपासणीचे दिनमानही ठरविले पाहिजे. ती जुलैमध्ये झाली, तर तपासावयास कामगार मिळणार नाहीत, आणि जे मिळतील त्यांची छाती तेव्हा मोकळी असेल. ती कापसाच्या पहिल्या गाड्या आवारात शिरण्यापूर्वी एकदा, आणि फरदडीचा शेवटचा मळका ढीग जिनावर चढलेला असताना पुन्हा एकदा, अशी व्हावयास हवी. आणि दोन्ही वेळचे आकडे लिहिलेला कागद मुकादमाजवळ नव्हे, कामगाराच्या स्वतःच्या हाती द्यावयास हवा, म्हणजे पुढल्या वर्षी ती बाई देवळीच्या जिनात असो की बालाघाटच्या दवाखान्यात, तिच्या श्वासाचे मागील माप तिच्याबरोबर असेल.